बायकांच्या बाजूचा शेवट

कुंभकोणमात त्या वर्षी एका इंग्रजी चित्रपटावरून घराघरांत भांडणं झाली. नवरा म्हणायचा, चोर शेवटी मरतो. बायको म्हणायची, छे, चोर शेवटी राजा होतो. दोघांनीही तो चित्रपट एकाच दिवशी, एकाच थिएटरात, एकाच पडद्यावर पाहिलेला असायचा. फरक इतकाच, की थिएटरात मधोमध छातीएवढी एक भिंत होती. तिच्या एका बाजूला पुरुष बसत, दुसऱ्या बाजूला बायका, आणि बायकांच्या बाजूला गंगाबाई होती.

गंगाबाई बायकांच्या दाराशी तिकिटं फाडायची. कागदावर तिचं काम एवढंच. पण माणसाचं कागदावरचं काम आणि खरं काम यांची गाठ क्वचितच पडते, आणि गंगाबाईच्या बाबतीत तर ती कधीच पडली नाही.

ती कुंभकोणमच्याच मेलकावेरी भागातल्या एका मराठी घरातली. तंजावरच्या राजांनी पूर्वी कधी दक्षिणेत आणून वसवलेलं हे कीर्तनकारांचं घराणं. राजे गेले, कीर्तन राहिलं. घरात मराठी बोलायची आणि उंबरा ओलांडला की तमिळ, असा त्यांचा रिवाज होता. कधी काळी पुण्याकडचा एखादा पाहुणा आला, तर यांची जुनी मराठी ऐकून त्याला हसू दाबावं लागे, आणि पाहुणा गेल्यावर ही मंडळी हळहळत, की बिचाऱ्याची भाषा अगदीच बिघडली आहे.

गंगाबाईला लहानपणापासून एक खोड होती. तिला सगळं जाणून घ्यायचं असे. बाबा कथेला उभे राहिले, राणी वनवासाला निघाली, सभेचे डोळे पाणावले, की मागं तंबोरा धरून बसलेल्या या पोरीच्या मनात यायचं, की अरण्यात राणीनं केस कशानं धुतले असतील? घरी आल्यावर ती विचारायची. बाबा हसायचे, आणि पुढच्या कथेत राणीला रिठे सापडायचे. पोरीचे प्रश्न असे बापाच्या कथेत मुरत गेले. पण उभं राहून कथा करण्याचा मान मिळाला तिच्या भावाला, ज्याला कसलाही प्रश्न कधी पडला नव्हता. मद्रासेकडे बायका उभ्या राहून कथा करतात, हे बाबांच्या कानावर आलं होतं, आणि बाबांनी त्या कानांवर हात ठेवले होते. याचं गंगाबाईला दुःख होतं. ते तिनं कुणाला सांगितलं नाही, पण भरलेली सभा दिसली की ती दारातच थबकायची.

तिचं लग्न झालं व्यंकोजीशी. तो थिएटरात यंत्र चालवायचा. यंत्राच्या घरघरीनं त्याचा एक कान गेला होता, आणि इतकी वर्षं चित्रपट दाखवूनही त्याला एकाचीही गोष्ट सांगता आली नसती, कारण त्याचं लक्ष पडद्यावर नसून यंत्रातल्या कार्बनच्या ज्योतीवर असे. त्याच्याच ओळखीनं गंगाबाई बायकांच्या दारावर लागली.

इंग्रजी चित्रपट आला, की पुरुषांच्या बाजूला कृष्णमूर्ति उभा राहायचा. हा रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेला गृहस्थ, रोज इंग्रजी वर्तमानपत्र वाचणारा. हातात वेताची छडी घेऊन तो पडद्याजवळ उभा राहून तमिळमधून गोष्ट समजावून सांगे. 'हा मनुष्य आता त्या मनुष्यावर संतापला आहे,' असलं काहीतरी. ते त्या मनुष्याच्या तोंडावर दिसतच असायचं. त्याचा आवाज भिंतीपलीकडे नीट पोहोचत नसे. मग बायका गंगाबाईला विचारायच्या, अक्का, तो काय म्हणाला? सुरुवातीला ती त्याचंच बोलणं भिंतीवरून कान लावून ऐकून पुढं सांगायची. हळूहळू तिनं कान लावणं सोडलं आणि आपल्या मनानं सांगू लागली, आणि बायका पडद्यापेक्षा तिच्याकडे जास्त बघू लागल्या.

तर एकदा काय झालं, दिवाळीनंतर जो तमिळ चित्रपट यायचा होता त्याची पेटी आलीच नाही. थिएटर रिकामं ठेवायचं म्हणजे मालकाचा जीव टांगणीला. मद्रासच्या वितरकानं जे हाताशी होतं ते पाठवलं. वीसेक वर्षांपूर्वीचा इंग्रजी चित्रपट, ठिकठिकाणी चरे पडलेला. थंडीच्या देशातलं एक शहर, लांब कोट घातलेले लोक, आणि त्या शहरात सरकारनं दारूवर बंदी घातलेली. एक उपाशी, भुरटा चोर चोरून दारू विकायला लागतो, मोठा होतो, आणखी मोठा होतो, आपल्याच म्होरक्याला बाजूला सारून सगळ्या शहराचा धनी होतो आणि शेवटी त्याच्यासारख्याच दुसऱ्या कुणाची गोळी खाऊन रस्त्यात पडतो.

मालकाला वाटलं होतं, हे कुणाला कळणार? पण कुंभकोणमाला ते पहिल्या रिळातच कळलं. कारण मद्रास राज्यातही तेव्हा दारूबंदी होती, आणि कोळ्ळिडम नदीच्या काठी वेळूच्या बेटांत काय उकळतं हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक होतं. सायकलच्या ट्यूबमध्ये दारू भरून ती कमरेला गुंडाळून चोळपुरम्हून गावात येणारी माणसं लोकांनी पाहिलेली होती. पडद्यावरचा चोर बाटल्या लपवायचा तेव्हा पुरुषांच्या बाजूनं सल्ले दिले जात, की बाटली कशाला, ट्यूब वापर.

पहिल्या खेळाआधी गंगाबाईनं कृष्णमूर्तीला कॉफी पाजून गोष्ट विचारून घेतली. त्यानं ती एका घोटात सांगून टाकली. तिनं विचारलं, त्याला दारू विकायची कल्पना कुणी दिली? त्याच्या घरी स्वयंपाक कोण करतं? त्याची आई एवढी चांगली, तर ती त्याला घरात का घेते? कृष्णमूर्ति म्हणाला, की असल्या गोष्टी चित्रपटात नसतात. गंगाबाईच्या मते असल्याच गोष्टी चित्रपटात असायला हव्या होत्या.

परदेशी नाव बायकांच्या तोंडात बसेना म्हणून तिनं चोराचं नाव ठेवलं मणी. एकदा मणी म्हटल्यावर तो परका राहिला नाही. तो चोरी करायचा तेव्हा बायका च्च च्च करत, त्याची आई दारात वाट बघायची तेव्हा पदर डोळ्यांना लागत. आणि शेवटी मणी रस्त्यात पडला, पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली, दिवे लागले, तरी गंगाबाई थांबली नाही.

यात तिचा काही बेत नव्हता, हे ध्यानात घेतलं पाहिजे. बाबांच्या घरचा नियमच होता, की कथा मरणावर थांबवायची नाही. रणात कोवळा राजपुत्र पडला, तरी बाबा त्याच्या मागं राहिलेल्या बाळाच्या राज्याभिषेकापर्यंत कथा ओढून न्यायचे, मंगळ म्हणायचे, आणि मग सभा उठायची. मंगळ म्हणेपर्यंत श्रोत्यानं उठायचं नाही, हा ऐकणाऱ्यांच्या बाजूचा नियम. ऐकणारा माणूस घरी मरण घेऊन गेला तर ते पाप सांगणाऱ्याला, असं बाबा म्हणत. तेव्हा मणी पडला, आणि गंगाबाईच्या तोंडून आपसूक पुढची गोष्ट आली. आई धावत येते. मणीला मांडीवर घेते. गोळी खांद्याला चाटून गेलेली असते. मणी डोळे उघडतो, सगळं लुटलेलं धन गरिबांना वाटून टाकतो, आणि लोक त्यालाच नगराचा राजा करतात. मग तिनं मंगळ म्हटलं. बायकांनी हात जोडले आणि उठल्या. बाहेर पुरुष बैलगाड्या जुंपून ताटकळत होते आणि आत एवढं काय चाललंय म्हणून चडफडत होते.

पुढं जे झालं ते वर सांगितलंच आहे. घराघरांत वाद झाले. नवऱ्यांनी कृष्णमूर्तीची साक्ष काढली, बायकांनी गंगाबाईची. खात्री करायला म्हणून लोक पुन्हा आले, आणि बायका तर मैत्रिणींना घेऊन आल्या. मालकाला जणू घबाड सापडलं. कृष्णमूर्तीच्या नाकाला मात्र मिरच्या झोंबल्या. तो म्हणाला, की पडद्यावर धडधडीत मेलेल्या माणसाला जिवंत करायचा अधिकार या बाईला दिला कुणी? हा प्रश्न तसा रास्त होता.

याच गर्दीत गंगाबाईला ती दिसली. हिरवी रेशमी साडी, नाकात हिऱ्याची चमकी, वय पंचविशीच्या आसपास. एकटी यायची, भिंतीलगतच्या उंच बाकावर बसायची. गंगाबाईला आधी नवल वाटलं ते तिच्या बसण्याचं. पडदा समोर, गोष्ट सांगणारी बाजूला, आणि ही आपली मान वळवून भिंतीवरून पुरुषांकडे बघतेय. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही. एखादी गोष्ट कळली नाही की गंगाबाईला अन्न गोड लागत नसे. तिनं चौकशी सुरू केली, आणि सोडा विकणाऱ्या सरोजानं एका वाक्यात ती संपवली. ही शिवकामी, सुंदरेशची बायको.

सुंदरेश म्हटल्यावर आणखी काही सांगावं लागत नसे. चोळपुरमात पूर्वी त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. ट्यूबमध्ये हवेखेरीज आणखीही काही भरता येतं, हे त्याच्या आधी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. पहिल्यांदा तो दुसऱ्याची दारू वाहायचा, मग ते दुसरे त्याची वाहू लागले. आता कोळ्ळिडमच्या काठची निम्मी बेटं त्याची होती. देवळाच्या उत्सवाला त्याच्या देणगीचा दिवा सगळ्यांत मोठा असे, आणि रस्त्यात तो समोरून आला की भलेभले लोक चपला काढून ठेवायच्या बेतात येत. उरलेली निम्मी बेटं दुसऱ्या एकाची होती. त्या वर्षी पावसाळा सरताना सुंदरेशची दोन माणसं नदीच्या वाळूत मरून पडलेली सापडली होती. ती कुणी मारली हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच सांगत नव्हतं.

सुंदरेश रोज पुरुषांच्या बाजूला खुर्चीत बसून तोच चित्रपट बघत होता, आणि शिवकामी त्याला बघत होती.

एका दुपारी खेळ सुटल्यावर ती मागं राहिली. गंगाबाई चटया झटकत होती. शिवकामी उभी राहिली तेव्हा गंगाबाईच्या लक्षात आलं, की हिला दिवस गेले आहेत, पाचवा तरी असावा. ती तिरुक्करुगावूरची, गर्भरक्षांबिकेच्या देवळाच्या गल्लीत वाढलेली. लग्नानंतर कितीतरी वर्षं मूल नव्हतं, शेवटी आपल्याच गावच्या देवीनं ऐकलं, असं तिनं आपण होऊन सांगितलं. मग तिनं विचारलं, 'अक्का, मणी खरंच उठतो का?'

गंगाबाईनं कॉफी, हवापाणी, बाळाची हालचाल असे विषय काढून पाहिले. शिवकामी तसूभर हलली नाही. ती म्हणाली, की वाळूत पडलेली ती दोन माणसं तिनं पाहिली होती, घरासमोरच आणून ठेवली होती. पडलेला माणूस उठणार असला तर असा दिसत नाही.

'तो मरतो,' गंगाबाई म्हणाली. हे तिनं पहिल्यांदाच तोंडानं म्हटलं, तेही एका गरोदर बाईपुढं, आणि तिला मनातून फार वाईट वाटलं.

शिवकामीला वाईट वाटलेलं दिसलं नाही. उलट तिला जरा मोकळं वाटलं असावं. तिनं सगळं सांगितलं. सुंदरेश घरी येऊन हसत हसत सांगतो, की तो छडीवाला म्हातारा मत्सरी आहे, आपल्याला बघून मुद्दाम चोराला मारतो. खरा शेवट बायकांच्या बाजूला आहे. दारूचोर राजा होतो हे सातासमुद्रापार सिद्ध झालंय. आता तो पलीकडच्या काठावर, त्या दुसऱ्याच्या बेटांत शिरायचं म्हणतो. लोकांना बोलावून गंगाबाईनं सांगितलेला शेवट सांगतो. कीर्तनकाराची मुलगी आहे, तिच्या तोंडून खोटं कसं येईल, असं म्हणतो. त्याला आई नाही, बाप नाही, कुणाचं ऐकायची सवय नाही. बायकोचं तर नाहीच.

'तुमच्या तोंडचं खोटं त्याला पटलंय,' शिवकामी म्हणाली. 'आता खरंही तुम्हीच सांगा. माझ्या पोराला बाप हवाय.'

गंगाबाईनं काही कबूल केलं नाही. कसं करणार? मंगळ टाळायचं म्हणजे बाबांना तोंडावर पाडायचं. सुंदरेशला दुखवायचं म्हणजे काय, हे नदीच्या वाळूनं दाखवलंच होतं. आणि पोटुशी बाई समोर बसलेली असताना मरणावर कथा संपवणं, याला तर तिच्या घराण्यात नावसुद्धा नव्हतं.

आणि दोनच दिवसांत मालक तिच्याकडे आला, घाम पुसत. सुंदरेशअण्णांची इच्छा होती, की रविवारी दुपारी चित्रपटाच्या शेवटच्या खेळाला कृष्णमूर्ति नको. गंगाबाईनं पडद्यासमोर उभं राहून साऱ्या थिएटरला गोष्ट सांगावी, दोन्ही बाजूंना, शेवटापर्यंत. त्यांची सगळी माणसं येणार होती. अण्णांनी तिच्यासाठी रेशमी साडीही पाठवली होती.

गंगाबाईचं काय झालं असेल, विचार करा. ज्या गोष्टीसाठी जन्मभर झुरली, ती भरली सभा, उभं राहून, पुढं पुरुष बसलेले, अशी चालत आली होती. आली तीही अशा माणसाच्या हातून. तिला आनंद झाला. तो झाला म्हणून तिला स्वतःची लाज वाटली, पण झाला तो झालाच. दोन दिवस ती स्वयंपाक करताना सभेला वंदन करायची ओवी गुणगुणत होती, आणि आमटीत मीठ पडत नव्हतं.

व्यंकोजीनं ती आमटी मुकाट्यानं खाल्ली. शनिवारी संध्याकाळी ती मागच्या अंगणात नुसतीच बसलेली दिसली, तेव्हा तो जवळ येऊन बसला.

'काय करूंलीस गे, एकटीच?'

तिनं त्याला सारं सांगितलं, त्याच्या चांगल्या कानाशी. सांगता सांगता रडली. बाबांचा नियम सांगितला, शिवकामीचं पोट सांगितलं, आणि आपल्याला उभं राहायचं आहे हेही सांगितलं. व्यंकोजीला गोष्टीतलं फारसं कळत नसे.

'माझं मशीन तो पडला कीं थांबतें,' तो शेवटी म्हणाला. 'त्याच्यापुढं रीळच नाहीं. तूं पुढें कुठून आणतीस, तें मला अजून कळलं नाहीं बघ.'

एवढं बोलून तो कंदिलाची काच पुसायला गेला. गंगाबाई तिथंच बसून राहिली. बाबांच्या कथेतल्या राजपुत्राच्या मागं खरोखरच बाळ होतं, असं तिच्या मनात आलं. पुराणात तसं लिहिलेलं होतं, बाबांनी ते पदरचं घातलेलं नव्हतं. बाबांनी रिठे पदरचे घातले. जीव पदरचा कधी घातला नाही.

रविवारी थिएटरात मुंगीला शिरायला जागा नव्हती. गंगाबाईनं सुंदरेशची साडी नेसली नाही, आपली नऊवारी नेसली. मालकानं पडद्याजवळ सागवानी बाक मांडून दिलं होतं, त्यावर ती उभी राहिली. कृष्णमूर्ति दाराशी हाताची घडी घालून उभा होता, तिची फजिती बघायला. सुंदरेश पहिल्या रांगेत, पांढऱ्या वेष्टीत, म्हणजे तमिळ धाटणीच्या धोतरात, आजूबाजूला त्याची माणसं. शिवकामी भिंतीलगत आपल्या नेहमीच्या जागी.

गंगाबाईनं सभेला वंदन केलं आणि सुरुवात केली. ती त्या दिवशी कशी बोलली हे ज्यांनी ऐकलं ते पुढं कितीतरी वर्षं सांगत. मणी उपाशी होता तेव्हा पुरुषांच्या बाजूला भूक लागली. मणीनं पहिला डाव मारला तेव्हा टाळ्या पडल्या. मणीच्या घरात कोण काय शिजवतं, त्याची आई कोणत्या देवाला दिवा लावते, कोट बेतायला त्यानं शिंप्याला किती छळलं, सगळं आलं. बायका-पुरुष एकाच जागी एकदम हसत होते, आणि थिएटरात असं पूर्वी कधी झालं नव्हतं. कृष्णमूर्तीची हाताची घडी केव्हा सुटली हे त्यालाही कळलं नाही. गंगाबाई सुखात होती. इतकी, की शेवटचं रीळ सुरू झालं तेव्हा तिला वाटलं, कशाला, जाऊ दे, मंगळ म्हणावं आणि सगळ्यांना आनंदात घरी पाठवावं.

पडद्यावर गोळ्या सुटल्या. मणी धावला, अडखळला, रस्त्यात पडला. इंग्रजी अक्षरं आली. दिवे लागले. सुंदरेश खुर्चीत पुढं सरकून बसला. त्याच्या चेहऱ्यावर एखाद्या पोराची असावी तशी उत्सुकता होती. गंगाबाईला त्याची भीती वाटायला हवी होती, पण त्या क्षणी तिला त्याची दया आली.

'मणी मेला,' ती म्हणाली.

सुंदरेश वाट बघत राहिला. मग म्हणाला, 'पुढं सांगा, अक्का.'

'पुढं काही नाही, अण्णा. आजवर सांगत होते ते मी माझं सांगत होते. चित्रात तो मरतो.'

'आई येते ना?'

'येत नाही. तिला कुणी कळवलेलं नाही.'

'मग त्याला उचलून कोण नेतं?'

गंगाबाईला आयुष्यभर असलेच प्रश्न पडत आले होते. हा मात्र पडला नव्हता. 'दाखवलेलं नाही,' ती म्हणाली.

सुंदरेशचा एक माणूस उठून बाकाकडे यायला लागला. सुंदरेशनं त्याच्याकडे न बघता हात आडवा केला. एवढ्या मोठ्या गर्दीत कुणी उठायला तयार नव्हतं. कथा ऐकायला बसलेल्यांनी मंगळाशिवाय उठायचं कसं, हे कुणाला कळेना. वर यंत्राच्या खोलीत व्यंकोजी रीळ उलटं गुंडाळत होता, तेवढीच काय ती किर्रकिर्र.

मग भिंतीपलीकडे शिवकामी उभी राहिली. एका हातानं भिंत धरून, एक हात पोटावर. पुरुषांच्या बाजूला बघून बाई बोलते, हे त्या थिएटरात पहिल्यांदाच होत होतं. ती मोठ्यानं बोलली नाही, तशी गरजही नव्हती.

'मी उचलायला येणार नाही,' ती नवऱ्याला म्हणाली. 'तुम्ही असे रस्त्यात पडलात, तर मी येणार नाही. सगळ्यांसमोर सांगून ठेवते. मी माहेरी जाईन. पोरानं विचारलं तर सांगेन, तुला बाप नव्हता.'

आणि ती बायकांच्या दारानं निघून गेली.

सुंदरेश त्या भिंतीकडे बघत बसला. त्याच्या माणसांनी माना खाली घातल्या होत्या, अण्णाचा पाणउतारा बघितला असं व्हायला नको म्हणून. बऱ्याच वेळानं तो उठला. पुरुषांच्या दाराकडे न जाता, भिंतीच्या टोकाला वळसा घालून, चटयांवर बसलेल्या बायकांमधून वाट काढत तो बायकांच्या दारानं बाहेर गेला. त्या दारातून गंगाबाईनं आजवर एकाही पुरुषाला जाऊ दिलं नव्हतं. ती बाकावरून नुसती बघत राहिली.

त्याची माणसं त्याच्यामागं निघाली, तेव्हा दारातूनच त्यानं त्यांना मागं फिरवलं, असं सरोजानं नंतर सांगितलं.

मालकानं गंगाबाईला त्याच संध्याकाळी बोल लावले. यापुढं तिनं तिकिटं फाडावीत आणि तोंड मिटून बसावं, असं ठरलं. ते ठरलेलं पुढच्या इंग्रजी चित्रपटापर्यंतच टिकलं, कारण बायका तिकिटंच घेईनात. कृष्णमूर्ति मात्र त्या रविवारनंतर खेळाआधी तिला आपण होऊन गोष्ट सांगायला येऊ लागला, आणि ती कॉफी पाजायची. तो आता सावकाश सांगे, आणि मधे थांबून विचारी, की यावर काही शंका?

सुंदरेशचं काय झालं, हे कळायला वेळ लागला, आणि तोवर गंगाबाईची झोप उडालेली होती. कुणी म्हणे तो पळाला, कुणी म्हणे पलीकडच्यांनी त्याला संपवला. कोळ्ळिडमच्या काठची त्याची दारूची मडकी कुणीतरी फोडून टाकलेली सापडली. पोलीस म्हणाले आम्ही फोडली. हे कुणालाच खरं वाटलं नाही. मग बातमी आली, की तो तंजावरला जाऊन आपल्या पायांनी कोर्टात हजर झाला, सगळं कबूल केलं आणि त्याला शिक्षा झाली. गावानं यावर पुष्कळ दिवस हळहळ केली. एवढा मोठा माणूस, आणि बायकोपायी गजाआड गेला, असं पारावर बसून पानाला चुना लावत लोक म्हणत. गंगाबाई ते ऐके आणि तिचं काळीज कुरतडलं जाई. आपण एका पोराच्या बापाला तुरुंगात घातलं, असं तिला वाटू लागलं होतं.

उन्हाळ्यात एक दिवस शिवकामी मेलकावेरीला तिच्या घरी आली. अंगावर साधी सुती साडी, नाकात चमकी नव्हती, कडेवर तान्ही मुलगी. गंगाबाईनं तिला आत घेतलं, बाळाला मांडीवर घेतलं, आणि ज्या बाईला जन्मभर प्रश्न पडत आले तिला त्या दिवशी एकही विचारवेना. शेवटी तिनं एवढंच म्हटलं, की माझ्यामुळं तुझ्या घरावर हे आलं.

शिवकामी म्हणाली, की ती महिन्यातून एकदा तिरुचिनापळ्ळीच्या तुरुंगात जाऊन त्याला पोर दाखवून येते. त्यानं तिला कडेवर घेतलं नाही अजून, जाळी मधे असते, पण बोट धरू दिलं. तो बारीक झालाय. त्याला जेवण आवडत नाही.

'गावातले सगळे माझी कीव करतात, अक्का,' ती म्हणाली. 'त्यांना कळत नाही. आता दारावर थाप पडली, तर दूधवालाच असतो.'